रक्तातील एन्झाइमचे आकडे आणि कर्करोगाचे निदान

राजापूर तालुक्यातील एका शिक्षिकेने आपल्या वडिलांचा रक्ताचा रिपोर्ट दाखवून काही प्रश्न विचारले आहेत. वडील ६८ वर्षांचे असून अजूनही भाताच्या लावणीला स्वतः शेतात उतरतात. तीन महिन्यांपासून त्यांची कंबर दुखते, रात्री अधिक दुखते, आणि या काळात अंगावरचे कपडे सैल होण्याइतके वजन उतरले आहे. श्रावणात त्यांना आठवडाभर ताप आला होता आणि तो उतरल्यावर थोड्याच दिवसांनी रक्त तपासले. रिपोर्टमध्ये एलडीएच प्रतिलिटर ४१२ युनिट (त्या लॅबची वरची मर्यादा २२५) आणि अल्कलाईन फॉस्फेटेज २८६ युनिट (मर्यादा १२९) असे दोन आकडे ठळक छापले आहेत. बिलिरुबिन आणि एसजीपीटी हे यकृताचे नेहमीचे आकडे मर्यादेत आहेत. अगदी तळाशी ‘नमुना किंचित हिमोलाइज्ड’ अशी बारीक अक्षरांतली नोंद आहे. हा कर्करोग आहे का, रक्तातील एन्झाइम मोजून कर्करोग कळतो का, आणि घरातल्या सर्वांनी ‘कॅन्सर पॅकेज’ करून घ्यावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी या किनारपट्टीवर पॅथॉलॉजिस्ट म्हणून दीर्घकाळ काम केले आहे आणि असे रिपोर्ट घेऊन घाबरून आलेली माणसे सतत भेटतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. वडिलांच्या पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा येऊ लागला, चालताना पाय लटपटू लागले, लघवी अडकली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर पुढच्या कोणत्याही तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्यांना न्यावे. मणक्यातील आजारामुळे मज्जारज्जूवर दाब येऊ लागल्याची ही लक्षणे असू शकतात, आणि तो दाब वेळेत दूर झाला नाही तर पायांतली गेलेली ताकद बहुधा परत येत नाही. हे आज घडत नसेल तर घाई करून रात्रीतून मुंबई गाठण्याचे कारण नाही. पण येत्या आठवड्यात पुढची पावले नक्की टाकावीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की हे दोन आकडे म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे, आणि ते दोन्ही सारख्या वजनाचेही नाहीत. एलडीएचचा आकडा या रिपोर्टमध्ये मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो. तो पुन्हा मोजला पाहिजे. अल्कलाईन फॉस्फेटेजचा आकडा मात्र, रात्रीची कंबरदुखी आणि उतरलेले वजन यांच्या शेजारी ठेवून वाचला तर, दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुमच्याकडे सर्वांचे लक्ष एलडीएचकडे लागले आहे आणि दुसऱ्या आकड्याविषयी कोणी काही बोललेले दिसत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी आधी एन्झाइम म्हणजे काय ते पाहू. ही शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने आहेत आणि त्यांतली बहुतेक पेशींच्या आत काम करतात. अशा रिपोर्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या एन्झाइमचे रक्तात काही काम नसते. जुन्या पेशी मरतात आणि नव्या येतात त्या नित्याच्या झिजेतून जे थोडे बाहेर सांडते तेवढेच निरोगी माणसाच्या रक्तात सापडते. हे प्रमाण वाढण्याची कारणे अनेक असतात. पेशी मोठ्या संख्येने फुटल्या तर आतला साठा बाहेर येतो. एखाद्या अवयवाच्या पेशींची संख्याच वाढली, किंवा त्या पेशी नेहमीपेक्षा जास्त एन्झाइम तयार करू लागल्या, तरी रक्तातला आकडा चढतो. पित्तनलिकेत अडथळा आला तर यकृतातील काही एन्झाइम उलटे रक्तात येतात. कधी एन्झाइम प्रतिपिंडाला चिकटून मोठा गोळा बनते, ते रक्तातून लवकर बाहेर पडत नाही, आणि कोणताही आजार नसताना आकडा महिनोन्महिने वर राहतो. यांपैकी नेमके काय घडले आहे हे आकडा सांगत नाही. पऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले म्हणजे वर कुठे तरी माती ढासळली एवढे समजते. ती दरड आहे, कोणाचा बांध फुटला आहे, की कोणी नुसती जमीन खणली आहे, हे पाहायला वरपर्यंत चढूनच जावे लागते.

आता एलडीएच, म्हणजे लॅक्टेट डीहायड्रोजनेज. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याच्या वाटेवर पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांचे एकमेकांत रूपांतर करणारे हे एन्झाइम शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असते. कर्करोगाशी त्याचा संबंध खोटा नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, की अर्बुदाच्या (कर्करोगाच्या गाठीच्या) पेशी भरपूर प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टेट करतात, आणि या कामाला एलडीएच लागते. अर्बुद मोठे असेल, झपाट्याने वाढत असेल आणि त्यातल्या पेशी मरतही असतील, तर रक्तातले एलडीएच वाढते. पण हेच एन्झाइम हृदयात, यकृतात, स्नायूंत, मूत्रपिंडांत, फुफ्फुसांत आणि तांबड्या पेशींत आहे. त्याचे पाच उपप्रकार आहेत. हृदय आणि तांबड्या पेशींत पहिला जास्त, तर यकृत आणि हाडांना जोडलेल्या स्नायूंत पाचवा जास्त असतो. नेहमीच्या रिपोर्टमध्ये या पाचांची बेरीज छापलेली असते, त्यामुळे ते कुठून आले याचा पत्ता त्या आकड्यात राहिलेला नसतो.

तुमच्या रिपोर्टच्या तळाची बारीक नोंद इथे सर्वांत महत्त्वाची आहे. हिमोलाइज्ड म्हणजे रक्त काढताना, हलवताना किंवा ठेवताना तांबड्या पेशी फुटलेला नमुना. तांबड्या पेशीच्या आत एलडीएचचे प्रमाण सभोवतालच्या द्रवापेक्षा शंभर पटींहून अधिक असते, त्यामुळे अगदी थोड्या पेशी फुटल्या, डोळ्यांना सीरम (पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव) जेमतेम गुलाबी दिसले, तरी आकडा लक्षणीय चढतो. हा आकडा वडिलांच्या शरीरातला नसून निदान अंशतः तरी परीक्षानळीत तयार झालेला आहे. अशा नमुन्यावर एलडीएच छापूच नये, नमुना परत मागवावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या घरात आधीच भीती आहे तिथे तळटीप कोणी वाचत नाही. सगळ्यांना फक्त ठळक आकडा दिसतो.

दुसरे कारण ताप. आपल्याकडे पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या माणसाला ताप आला की लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावाच लागतो, आणि हा आजार यकृत, मूत्रपिंडे आणि स्नायू या तिन्हींना इजा करतो. मलेरियात तांबड्या पेशी फुटतात, डेंग्यूत यकृताच्या पेशींना मार बसतो. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला ज्याने माणसे दगावली तो माकडतापही यकृताची एन्झाइम वाढवतो, जरी त्याचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याच्या बाजूचा असतो. या सर्वांत एलडीएच वाढते आणि ताप उतरल्यावरही काही काळ वर राहू शकते. दिवसभर वाकून केलेल्या लावणीनंतर स्नायूंतूनही ते थोडे सुटते. म्हणून वडिलांचे एलडीएच ताप उतरल्यानंतर किमान तीन आठवड्यांनी, अंगमेहनत टाळून, नव्या नमुन्यावर मोजावे. तोपर्यंत ४१२ हा आकडा बाजूला ठेवावा.

मग एलडीएच कर्करोगात मोजतात तरी कशासाठी? निदान आधीच झालेले असते तेव्हा आजाराचा पसारा आणि वेग जोखण्यासाठी. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या, रुग्णांसाठी १९९३ साली एक आंतरराष्ट्रीय निर्देशांक तयार झाला आणि त्यात वय, आजाराचा टप्पा, रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची क्षमता, लसिकाग्रंथींबाहेरील प्रसार यांच्याबरोबर वाढलेले एलडीएच ही पाचवी बाब धरली आहे. तरुण पुरुषांत होणाऱ्या वृषणाच्या कर्करोगात एलडीएच सामान्य मर्यादेच्या दीडपटीखाली आहे, दीड ते दहापट आहे, की दहापटीच्या वर आहे, यावर टप्पा आणि उपचारांची तीव्रता ठरते. तिथे त्याच्या जोडीला एएफपी आणि एचसीजी हे दोन पदार्थही मोजतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातही, तो पसरलेला असेल तर, त्याची नोंद टप्पा ठरवताना घेतली जाते. या तिन्ही ठिकाणी आधी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या असतात आणि एन्झाइमचा आकडा नंतर उपयोगी पडतो. नुसत्या एलडीएचवरून कर्करोग ठरवला गेल्याचे एकही योग्य उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

अल्कलाईन फॉस्फेटेजची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तीच खरी गोष्ट आहे. हे एन्झाइम मुख्यतः यकृतातील पित्तमार्गाच्या पेशी आणि हाड घडवणाऱ्या पेशी या दोन ठिकाणांहून रक्तात येते. गरोदरपणात वारेतून आणि काही रक्तगटांच्या लोकांत तेलकट जेवणानंतर आतड्यातूनही येते. वाढत्या वयाच्या मुलांची हाडे घडत असतात, म्हणून त्यांच्यात प्रौढांच्या मर्यादेच्या दोन-तीनपट आकडा पूर्णपणे निरोगी असतो, हेही जाता जाता सांगतो, कारण शाळकरी मुलाचा असा रिपोर्ट पाहून हवालदिल झालेले आईवडीलही येतात.

६८ वर्षांच्या माणसात मर्यादेच्या दुपटीहून जास्त आकडा आला तर पहिला प्रश्न, तो यकृतातला की हाडातला? याचे उत्तर मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जीजीटी नावाचे दुसरे एन्झाइम मोजणे. ते यकृताच्या आजारात अल्कलाईन फॉस्फेटेजबरोबर वाढते, पण हाडांत ते नसल्यामुळे हाडांच्या आजारात वाढत नाही. त्यामुळे जीजीटी वाढलेले असेल तर यकृत आणि पित्तमार्गाची सोनोग्राफी करावी. अलीकडचा तापही त्याचे कारण असू शकतो. जीजीटी मर्यादेत असेल तर बोट हाडांकडे जाते. मद्यपानाने आणि अपस्माराच्या काही औषधांनी जीजीटी एकटेही वाढते, म्हणून वडील काही घेत असतील तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. तुमच्या रिपोर्टमध्ये जीजीटी नाही. ती पुढची पहिली तपासणी.

समजा ते हाडांतलेच निघाले. तरीही कर्करोग हे एकच कारण नव्हे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडे मऊ पडतात आणि अल्कलाईन फॉस्फेटेज चढते. उन्हात राबणाऱ्या माणसातही ही कमतरता आढळते. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारात ते वाढते. लक्षात न आलेले जुने फ्रॅक्चर भरून येत असताना वाढते. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. कंबरदुखी, उतरलेले वजन आणि ताप हे तिन्ही त्यात असतात आणि तो औषधांनी बरा होतो. याउलट मल्टिपल मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगात हाडे पोखरली जातात, पण नवे हाड घडवणाऱ्या पेशी दडपल्या गेल्यामुळे अल्कलाईन फॉस्फेटेज बहुधा मर्यादेतच राहते. म्हणजे आकडा वाढला म्हणून कर्करोग आहे असे होत नाही, आणि वाढला नाही म्हणून नाही असेही होत नाही.

या वयाच्या पुरुषात कंबरदुखी आणि हाडांतून आलेले अल्कलाईन फॉस्फेटेज एकत्र दिसले की प्रोस्टेट ग्रंथीचा विचार करावाच लागतो, आणि एन्झाइम मोजून कर्करोग ओळखण्याच्या प्रयत्नांचा इतिहासही मुख्यतः याच ग्रंथीभोवती घडला आहे. प्रोस्टेटमध्ये ॲसिड फॉस्फेटेज नावाचे एन्झाइम भरपूर असते. न्यूयॉर्कमधील गटमन आणि गटमन या दोन संशोधकांनी १९३८ साली दाखवले, की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात हे एन्झाइम वाढलेले असते. त्याच्या आधारावर शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली सिद्ध केले, की पुरुष-संप्रेरकाचा पुरवठा तोडला तर हा आजार मागे हटतो. उपचार लागू पडत आहे की नाही हे त्यांनी ज्या मोजमापाने तपासले ते रक्तातील फॉस्फेटेजचेच होते. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि संप्रेरक थोपवणारे उपचार आजही या आजाराचा कणा आहेत. रक्तातल्या एका एन्झाइमच्या मोजमापाने कर्करोगावरच्या उपचाराची दिशा बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

त्या काळच्या निरीक्षणातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ॲसिड फॉस्फेटेज अर्बुदाच्या पेशींतून येत होते. अल्कलाईन फॉस्फेटेज मात्र अर्बुदातून येत नव्हते, ते अर्बुदाच्या भोवती नवे हाड घालणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या पेशींतून येत होते. एकाच आजारात एक आकडा रोगाचा आणि दुसरा शरीराच्या प्रतिसादाचा. म्हणूनच उपचार सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अल्कलाईन फॉस्फेटेज कधी कधी आणखी चढते, कारण हाड भरून येऊ लागलेले असते. हे ठाऊक नसेल तर लागू पडत असलेले औषध बंद करण्याची चूक होऊ शकते.

ॲसिड फॉस्फेटेज आता क्वचितच मोजतात. ते फार नाजूक आहे. रक्त उघडे राहिले तर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सीरम अधिक अल्कधर्मी होते आणि काही तासांत एन्झाइमची क्रिया मंदावते. शिवाय आजार ग्रंथीच्या बाहेर जाईपर्यंत ते बहुधा वाढतच नाही. त्याची जागा प्रोस्टेटमध्येच तयार होणाऱ्या पीएसए या प्रथिनाच्या चाचणीने घेतली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीएसए चाचणीला १९८६ मध्ये रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानाला मदत म्हणून मान्यता दिली. पीएसए हेसुद्धा एक एन्झाइमच आहे, वीर्य पातळ ठेवणारे. पण रक्तात आल्यावर त्याचा बहुतेक भाग दुसऱ्या एका प्रथिनाला बांधला जाऊन निष्क्रिय होतो, त्यामुळे त्याची क्रिया न मोजता प्रतिपिंडांच्या साहाय्याने त्याचे वस्तुमान मोजतात, मिलीलिटरमागे किती नॅनोग्रॅम असे. वडिलांचे पीएसए जरूर करावे. मात्र त्या तापाच्या वेळी लघवीला जळजळ किंवा वारंवार जावे लागणे असे काही होते का, हे डॉक्टरांना सांगावे, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गानंतर पीएसए सहा ते आठ आठवडे वाढलेले राहू शकते. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे औषध चालू असेल तर काही महिन्यांत आकडा सुमारे निम्म्यावर येतो, तेही ध्यानात घ्यावे लागते. ४ ते १० मधला आकडा वाढलेल्या पण निरुपद्रवी ग्रंथीतही आढळतो. हाडांपर्यंत पोहोचलेल्या आजारात तो बहुधा त्यापेक्षा खूप मोठा असतो. कर्करोग असल्याचे शिक्कामोर्तब बायोप्सीनेच, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासल्यानेच, होते.

आता मोजण्याच्या पद्धतीबद्दल, कारण त्यावरच आकड्याचा अर्थ अवलंबून असतो. बहुतेक एन्झाइम किती ग्रॅम आहे हे लॅब मोजत नाही. ते किती वेगाने काम करते हे मोजते. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करणारी क्रियाशीलता म्हणजे एक युनिट. एलडीएचसाठी सीरममध्ये लॅक्टेट आणि एनएडी हा सहायक रेणू घालतात. क्रिया चालू झाली की एनएडीएच तयार होते, ते ३४० नॅनोमीटर लांबीचा प्रकाश शोषते, आणि दर मिनिटाला हे शोषण किती वाढते यावरून युनिट काढतात. अल्कलाईन फॉस्फेटेजसाठी घातलेला रंगहीन पदार्थ फुटून पिवळा होतो आणि तो पिवळेपणा ४०५ नॅनोमीटरवर मोजला जातो. वेग मोजायचा म्हटल्यावर तापमान, आम्लता, क्षार, सगळेच महत्त्वाचे ठरते. म्हणून यंत्राच्या आत ३७ अंश काटेकोरपणे राखलेले असतात.

एलडीएच उलट दिशेनेही मोजता येते, पायरुव्हेटपासून लॅक्टेटकडे, आणि ती क्रिया अधिक वेगवान असल्यामुळे तोच नमुना सुमारे दुप्पट आकडा देतो. त्या पद्धतीने मोजणाऱ्या लॅबची वरची मर्यादा साडेचारशेच्या आसपास छापलेली असते. तुमच्या वडिलांचा ४१२ हा आकडा अशा लॅबमध्ये सामान्य म्हणून छापला गेला असता! त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी कधीही थेट ताडू नये. पुन्हा मोजायचे तर त्याच लॅबमध्ये, आणि नेहमी शेजारच्या मर्यादेसह वाचावे.

आपल्या भागात नमुन्याचा प्रवास हा स्वतंत्र विषय आहे. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळी काढलेले रक्त दुपारच्या गाडीने अणुस्कुऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या घाटातून कोल्हापूरला, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबईला जाते. पेशींसकट तशीच नळी हिंदकळत, गरम डिकीतून गेली तर एलडीएच आणि पोटॅशियम दोन्ही खोटे वाढतात. फुफ्फुसाच्या एका जलद वाढणाऱ्या कर्करोगात मोजले जाणारे एनएसई हे एन्झाइमही तांबड्या पेशींत आणि प्लेटलेटमध्ये असल्याने तसेच फसवते. उपाय साधा आहे: रक्त गोठू द्यावे, तासा-दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करावे आणि मगच पाठवावे. एलडीएचसाठी ते बर्फात ठेवू नये, कारण यकृतातला उपप्रकार थंडीत निकामी होतो. एकाच दिवसात तपासणी होणार असेल तर खोलीचे तापमान उत्तम. अल्कलाईन फॉस्फेटेजसाठी जांभळ्या झाकणाची नळी चालत नाही, तिच्यातले रसायन या एन्झाइमला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियम पकडून ठेवते आणि आकडा खोटा खाली येतो. नमुना देताना ‘सीरम इथेच वेगळे करता का’ एवढे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि चांगल्या केंद्राला त्याचा राग येत नाही.

वडिलांसाठी आता करायचे ते असे. स्थानिक डॉक्टरांकडून मणक्याची आणि पोटाची नीट तपासणी, गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी, कमरेचा एक्स-रे. रक्तात जीजीटी, कॅल्शियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, ईएसआर, ‘ड’ जीवनसत्त्व, पीएसए आणि मायलोमासाठी प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून पाहणारी तपासणी). एक्स-रेमध्ये काही दिसले किंवा पीएसए बरेच वाढलेले असले, तर पुढे एमआरआय किंवा बोन स्कॅन. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून थांबू नये, कारण हाडाचा बराचसा भाग खराब होईपर्यंत साध्या एक्स-रेवर दिसत नाही. यांतले बहुतेक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी होते. मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर हे सर्व कागद, आणि बायोप्सी झाली असेल तर तिचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि काचेच्या स्लाइड, सोबत न्यावेत. त्यामुळे तिथे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करण्यात, चाकरमान्यांच्या खोलीवर राहून, जाणारे कित्येक दिवस वाचतात.

तिसरा प्रश्न पॅकेजचा. वर्तमानपत्रासोबत येणाऱ्या पत्रकांत एलडीएच, अल्कलाईन फॉस्फेटेज, सीईए, सीए-१२५ वगैरे कर्करोगाशी जोडले जाणारे पदार्थ एकत्र करून ‘एका थेंबात कर्करोग ओळखा’ असे सांगितलेले असते. यातला दोष गणिताने समजतो. समजा, पन्नाशीपुढची १०,००० धडधाकट माणसे आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर कर्करोग आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ८० टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडते असे धरू. रक्तातल्या एन्झाइमच्या मानाने हा अंदाज फारच उदार आहे. ५० पैकी ४० सापडतील आणि ९,९५० निरोगी माणसांपैकी ९९५ जणांचा रिपोर्ट वाढलेला येईल. म्हणजे घाबरलेल्या १,०३५ माणसांत खरे आजारी ४०, शंभरात चारसुद्धा नाहीत. उरलेल्यांचे स्कॅन, प्रवास, कर्ज आणि रात्रीची झोप हा त्या पॅकेजचा न छापलेला खर्च आहे, आणि ज्या १० जणांचा आजार निसटला ते निर्धास्त होऊन घरी बसतील हा त्याहून मोठा. तुमच्या वडिलांना लक्षणे आहेत म्हणून त्यांची तपासणी वेगळी. लक्षणे नसलेल्या तुमच्या भावाने हे पॅकेज करू नये असे मी स्पष्ट सांगेन.

एन्झाइमची क्रिया मोजण्याचे शास्त्र थांबलेले नाही. पेशी विभाजनाच्या वेळी काम करणाऱ्या थायमिडीन कायनेज या एन्झाइमची सीरममधील क्रियाशीलता मोजणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. पण तीही रजोनिवृत्तीनंतरच्या, पसरलेला स्तनाचा कर्करोग असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या स्त्रियांवर लक्ष ठेवण्यासाठी आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात संगीता भाटिया यांचा गट अर्बुदातील प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमचा वापर करून लघवीत खूण उमटवणारे सूक्ष्म कण तयार करत आहे, आणि ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण त्यात रक्तात सांडलेले थोडे एन्झाइम शोधण्याऐवजी ते जिथे काम करते तिथेच त्याला कामाला लावले जाते. ते लॅबच्या काउंटरवर येईपर्यंत मात्र आजच्या निर्णयांसाठी त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे तोंडाचा, गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा हे कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात रक्तातले कोणतेही एन्झाइम वाढवत नाहीत. त्यांच्यासाठी जे उपयोगी ठरले आहे ते डोळ्यांनी आणि हातांनी करायचे काम आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून पाहिल्याने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ मध्ये जाहीर झाले. त्याच अभ्यासात हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. केरळात तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांचे तोंड नियमित तपासल्याने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

तुम्ही लिहिले आहे, की आई रोज मशेरी लावतात. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. तिशीपुढच्या सर्वांसाठी या तीन कर्करोगांची तपासणी तिथे सरकारी कार्यक्रमात मोफत असते. डॉक्टर किंवा दंतवैद्य बॅटरीच्या उजेडात गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ उचलून तिच्या खालचा भाग पाहतील. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा पूर्वीपेक्षा तोंड कमी उघडणे यांपैकी काही असेल तर तिथला छोटा तुकडा काढून तपासायला द्यावा. तुमचे स्वतःचे वय तिशीच्या पुढे असेल तर त्याच फेरीत तुमची गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणीही करून घ्या. या खेपेला कोणाच्याही हातात सुई टोचण्याची गरज पडणार नाही.